वाचक कोणाच्या खात्यावर?

मराठीत ब्लॉग लिहिणारी मंडळी हल्ली लेख पूर्ण झाला की एक गमतीदार कसरत करतात. फेसबुकवर लेखाविषयी चार ओळी लिहायच्या, सोबत एखादे छायाचित्र जोडायचे आणि शेवटी सांगायचे, 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये.' बाहेर नेणारा दुवा वरच दिला, तर ती नोंद फार थोड्यांना दिसते, असा त्यांचा अनुभव. आपल्याच वाचकाला आपल्या घरी बोलावताना ही मागच्या दाराची वाट का दाखवावी लागावी?

पूर्वी असे नव्हते. 'ब्लॉगर' ही सेवा १९९९ साली सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. युनिकोडमुळे देवनागरीत लिहिणे सोपे झाले, तशी पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंतची मराठी माणसे लिहू लागली. वाचक मिळण्याचे मार्ग मोजके, पण सरळ होते. जो तो आपल्या पानाच्या कडेला आवडत्या ब्लॉगांची यादी लावी. 'मराठी ब्लॉग विश्व'वर नवे लेख एकत्र दिसत. 'गूगल रीडर'मध्ये एकदा ब्लॉगची नोंद केली की पुढचा प्रत्येक लेख वाचकापर्यंत आपोआप पोहोचे. वाचक शंभरच असतील, पण ते लेखकाचा पत्ता शोधत आलेले असत.

फेसबुक २००६ मध्ये सर्वांना खुले झाले. पुढे त्याने वाचकांची दारे सताड उघडली, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांनी 'ब्लॉग' हा शब्दही ऐकला नव्हता, अशा काकू, मामा, निवृत्त शिक्षक वाचू लागले. शंभराचे हजार झाले. जुन्या वाटा ओस पडल्या. 'गूगल रीडर'ही १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. मग जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे पानांवरच्या मजकुरापेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या नोंदींना प्राधान्य मिळेल. लेखकाच्या पानावर अनुयायांचा आकडा तेवढाच राहिला. त्यांतल्या किती जणांना लेख दिसणार, हे मात्र दुसराच कोणी ठरवू लागला.

निवड करणारा पूर्वीही होताच. तो संपादक होता. लेख पसंत पडला नाही तर 'साभार परत'ची चिठ्ठी येई. वाईट वाटे, पण कळे तरी. येथे लेख छापल्याचे दाखवतात आणि अंक वाटतच नाहीत! लेखकाला वाटते, आपलेच काही चुकले. मग तो पहिल्या दोन ओळींत भांडण पेटवायला शिकतो, कारण संतापावर प्रतिक्रिया भराभर पडतात. एखाद्या गडाविषयी, झाडाविषयी, जुन्या पुस्तकाविषयी निवांत लिहिणारा मागे पडतो. लेखावरची चर्चाही लेखाखाली न होता फेसबुकवर होते आणि चार दिवसांत सापडेनाशी होते.

व्हॉट्सअॅपवर तर नावच गळते. लेख गावोगाव फिरतो, लेखक मात्र वाटेत हरवतो. कधी त्याच्या मजकुराखाली पु. ल. देशपांडे यांचे नाव लागते. पु. ल. २००० साली गेले, व्हॉट्सअॅप २००९ साली आले, एवढा हिशेबही कोणी करत नाही.

माझी हयात बँकेत गेली. रकमेइतकेच महत्त्व ती कोणाच्या खात्यावर जमा आहे याला असते, हे तेथे पहिल्या दिवशी शिकलो. ब्लॉगलेखकाने दहा वर्षे जमवलेला वाचक त्याच्या खात्यावर नाहीच. तो कंपनीच्या खात्यावर आहे. सप्टेंबर २०१४ अखेर ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तेथे जमलेली मंडळी अशीच पांगली होती.

म्हणून लेखकांनी फेसबुकवर जरूर जावे, पण आपले पान मोडू नये आणि इच्छुक वाचकांचे ई-मेल पत्ते स्वतःजवळ ठेवावेत. आणि वाचकहो, आपणही एक करू शकतो. आवडलेला लेख पुढे पाठवताना लेखकाचे नाव आणि लेखाचा दुवा तसाच ठेवावा. महिन्यातून एखाद्या रविवारी, कोणी न दाखवताही, त्याच्या पानावर आपणहून जावे. पूर्वी ग्रंथालयात आवडत्या लेखकाचे नवे काही आले का, असे आपणच जाऊन विचारत होतो ना?