औषधी पिकांचे मोल : वजनावर की गुणावर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. या तीन टक्क्यांचे महत्त्व रिसोडच्या बाजारात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मोजमापाच्या एका आकड्यावर कास्तकाराचे वर्ष तरते किंवा बुडते. परंतु सोयाबीनला पर्याय म्हणून ज्या औषधी वनस्पतींची शिफारस वारंवार केली जाते, त्यांच्या बाबतीत मोजमापाचा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारीत नाही.

मे २०२० मध्ये केंद्राने औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी ४,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. दोन वर्षांत १० लाख हेक्टर, हे तिचे लक्ष्य होते. हे लक्ष्य हेक्टरांत मांडले गेले, यातच विचाराची त्रुटी दिसून येते. अश्वगंधेच्या मुळाला मोल आहे ते त्यातील विथॅनोलाइडांमुळे, पिंपळीला पायपरीनमुळे, सफेद मुसळीला सॅपोनिनांमुळे. वाण, जमीन, काढणीची वेळ व वाळवण यांनुसार या घटकांचे प्रमाण बदलते. दोन शेतांतील मुळे दिसावयास सारखी, वजनास सारखी, पण गुणांत भिन्न असू शकतात.

येथे ऊतिसंवर्धनाचे नाव पुढे केले जाते. निवडक झाडाच्या कोंबाचा लहानसा तुकडा निर्जंतुक करून क्षार, साखर व संप्रेरके यांच्या माध्यमावर वाढविला, की त्यापासून एकसारखी असंख्य रोपे मिळतात. केळीच्या बागाइतदारांना हे तंत्र परिचित आहे. पण त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. प्रयोगशाळेतील बाटली मातृवृक्षाची नक्कल करते, त्याला सुधारीत नाही. मातृवृक्षच निकृष्ट असेल, तर आपण निकृष्टतेचेच हजारो नमुने महाग दराने विकत घेऊ. म्हणून आधी घटकांचे मापन आणि मग रोपांची वाढ, हाच क्रम योग्य होय.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले, की ग्राहकाला मालाचा गुण ओळखता येत नसेल, तर तो सरासरी भाव देतो. परिणामी उत्तम माल बाजारातून हद्दपार होतो. औषधी पिकांच्या व्यापारास हे तंतोतंत लागू पडते. अधिक घटक असलेले मूळ पिकविणाऱ्यालाही क्विंटलचाच भाव मिळणार असेल, तर त्याने महागडे रोप का घ्यावे? या शतकाच्या आरंभी सफेद मुसळीचे बेणे चढ्या दराने विकले गेले आणि माल निघाल्यावर अनेकांना ग्राहक मिळाला नाही, हा अनुभव विसरण्याजोगा नाही.

गुणावर भाव देणे आपल्याला नवीन नाही. दूध संस्थेत सभासदाच्या दुधाचे फॅट मोजूनच पैसे दिले जातात. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखरेच्या १०.२५ टक्के मूळ उताऱ्याशी बांधलेला आहे. मग अश्वगंधेनेच काय पाप केले आहे? रासायनिक पृथक्करणाची यंत्रे महाग आहेत, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक पोते तपासण्याची गरज नाही. गावच्या शेतकरी गटाने एकत्रित मालाचा एक नमुना पाठविला, तर खर्च विभागला जाईल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. अशा तपासणीची सोय माफक दरात तेथे व्हावी. रोपे विकणाऱ्यावर मातृवृक्षातील घटकांचे प्रमाण लेखी देण्याचे बंधन असावे.

विलंबाची किंमतही मोजावी लागेल. जपानमध्ये १९८३ साली शिकोनिन हे द्रव्य शेतातील मुळांऐवजी टाक्यांत वाढविलेल्या पेशींपासून व्यापारी प्रमाणावर काढण्यात आले. शेत खात्रीचा गुण देऊ शकले नाही, तर उद्योग शेताला वगळण्याचा मार्ग शोधतो. ज्या विज्ञानाने कास्तकाराचा माल श्रेष्ठ ठरू शकतो, तेच विज्ञान त्याला अनावश्यकही ठरवू शकते. यांपैकी काय घडावे, हे बाटलीतील रोपावर नव्हे, तर बाजारातील मापावर अवलंबून आहे.