गाडीचा धूर मोजायचा की वय?

१/११
मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून कायमची उतरली. निरोपाचे लेख पुष्कळ आले. मात्र त्या दिवशी तिच्या सायलेन्सरमधून किती धूर निघत होता, याच्याशी नियमाला काही कर्तव्य नव्हते.
मित्रहो, आज वाहनांच्या प्रदूषण-नियमांचा इतिहास पाहू. माझे मत आधीच सांगतो: नियम कडक झाले ते योग्यच झाले. पण वापरातील गाडीचा धूर नीट मोजण्याचे काम आपण टाळले, आणि त्या आळसाची किंमत गाडीमालकाकडून वसूल केली.

२/११
आरंभापासून आपल्याकडे दोन मापे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. नव्या पेट्रोल गाड्यांसाठी उत्सर्जनाची मर्यादा १९९१ मध्ये आली, डिझेलसाठी १९९२ मध्ये. नव्या गाडीची परीक्षा प्रयोगशाळेत होते. पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय हे त्याचे प्रमुख केंद्र. तिथे दर किलोमीटरला किती वायू बाहेर पडतो, हे ग्रॅममध्ये मोजतात. वापरातील गाडीला मात्र पीयूसी. गाडी उभी, इंजिन सुरू, नळी आत, दोन मिनिटांत प्रमाणपत्र. पहिले माप दर काही वर्षांनी सूक्ष्म होत गेले. दुसऱ्याच्या मर्यादा २००४ साली कडक झाल्या, पण त्याची मूळ पद्धत तशीच राहिली.

३/११
१ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्यासाठी सीसविरहित पेट्रोल हवे, कारण सीसे त्यातील उत्प्रेरकाचा थर निकामी करते. म्हणून ते पेट्रोल आधी महानगरांत आले आणि फेब्रुवारी २००० पर्यंत देशभर सीसे हद्दपार झाले. इंजिन, इंधन आणि मालकाची काळजी ही साखळी इथे प्रथम स्पष्ट दिसली. चुकीचे इंधन भरले की महागडे उपकरण वाया. आणि वाया गेलेले उपकरण बाहेरून ओळखू येत नाही.

४/११
पुढचा धक्का न्यायालयाचा. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने हटवण्यास सांगितले. वयाचा निकष तेव्हा धंद्याच्या गाड्यांपुरता होता. २९ एप्रिल १९९९ रोजी खासगी मोटारींची पाळी आली: राजधानी परिसरात १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२. ज्या बदलाला आणखी काही वर्षे लागतील असे उद्योग सांगत होता, तो महिन्यांत झाला. अंतिम तारीख ठरली की अशक्य गोष्ट शक्य होते, हा धडा आपण इथे शिकलो.

५/११
२००१ मध्ये केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या समितीने २००२ मध्ये पुढील टप्प्यांचा आराखडा दिला: २००५ मध्ये देशभर भारत स्टेज-२, २०१० मध्ये देशभर स्टेज-३ आणि मोठ्या शहरांत स्टेज-४. इंधन आणि इंजिन जोडीने सुधारले पाहिजेत, हे त्यामागील सूत्र. वापरातील वाहनांची तपासणी सुधारावी, हेही समितीने सांगितले होते. आराखड्याचा पहिला भाग आपण थोडाफार उशिरा का होईना, पार पाडला. दुसरा भाग कागदावर राहिला. माझ्या मते आजच्या गोंधळाचे मूळ तिथे आहे.

६/११
२९ मार्च २०१७. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री थांबवली. कंपन्यांकडे तेव्हा अशी सुमारे ८.२४ लाख वाहने पडून होती, त्यांत सुमारे ६.७ लाख दुचाकी. मग दोन दिवस शोरूमसमोर रांगा लागल्या आणि न ऐकलेल्या सवलती मिळाल्या. ३१ मार्चला घेतलेली दुचाकी कायदेशीर, तीच १ एप्रिलला बेकायदा! धूर मात्र तोच. त्या दोन दिवसांत जुन्या मानकांच्या गाड्या कमी झाल्या नाहीत. त्या कंपनीच्या गोदामातून लोकांच्या दारात आल्या.

७/११
१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले. स्टेज-५ वगळून घेतलेली ही उडी कमी लेखू नये. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, तर सूक्ष्म कणांची २५ वरून ४.५ वर आली. एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीही आली. ज्या देशात श्वास घेणेच धोक्याचे झाले आहे, तिथे हे आकडे अभिमानाचे आहेत. नियम सैल करा, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही.

८/११
मालकाला याचे मोल द्यावे लागले. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो जाळून स्वच्छ व्हायला इंजिन पुरेसे तापावे लागते. शहरातल्या गर्दीत रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च उभा राहतो. छोट्या डिझेल मोटारी परवडेनाशा झाल्या. मारुती सुझुकीने २०२० पासून डिझेल गाड्यांची विक्रीच थांबवली. हा भार मला मान्य आहे, कारण त्याच्या बदल्यात हवा खरोखर स्वच्छ होते. पण भार उचलणाऱ्याला एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: गाडी नीट राखली, तर ती चालवू द्याल ना?

९/११
दिल्लीने त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल, ही मर्यादा कायम केली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्यास सुरुवात झाली आणि काही दिवसांत माघारही झाली. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने बीएस-४ व त्यापुढील गाड्यांना कारवाईपासून संरक्षण दिले, म्हणजे निकष वयावरून मानकाकडे सरकला. पाऊल योग्य आहे, पण अपुरे. मधल्या काळात कित्येकांनी चांगल्या गाड्या मिळेल त्या भावाने दुसऱ्या राज्यांत विकल्या. महाराष्ट्रात तशीच गाडी तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुढे चालते. हवा बदलली नाही, फक्त पत्ता बदलला.

१०/११
वयाच्या बाजूनेही युक्तिवाद आहे, आणि तो हलका नाही. बीएस-१, बीएस-२ ची गाडी कितीही जपली तरी बीएस-६ इतकी स्वच्छ होणार नाही. वय खोटे सांगता येत नाही. पीयूसी मात्र गाडी न आणताही मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून न्यायालयांनी वयाचा आधार घेतला. पण याचा अर्थ काय? शासनाला स्वतःच्या प्रमाणपत्रावर विश्वास नाही, म्हणून शिक्षा नागरिकाला. शिवाय वयाचा नियम देखभालीचे बक्षीसच काढून घेतो. गाडी दहाव्या वर्षी भंगारातच जाणार असेल, तर नवव्या वर्षी फिल्टरवर खर्च कोण करील? आणि फिल्टर काढून टाकलेली तीन वर्षांची गाडी या नियमाच्या दृष्टीने निर्दोषच.

११/११
उपाय अस्तित्वात आहे. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये नियमित तपासणीत डिझेल गाड्यांच्या धुरातील सूक्ष्म कण मोजायला सुरुवात केली. तुटलेला किंवा काढून टाकलेला फिल्टर त्यात लगेच सापडतो. आपल्या जुन्या अपारदर्शकतेच्या चाचणीत तो सहज निसटतो. १९९९ मध्ये कंपन्यांना दिली तशी अंतिम तारीख आता तपासणी यंत्रणेला द्यावी. नापास झालेली गाडी, मग ती दोन वर्षांची असो वा बारा, दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर येऊ नये. उत्तीर्ण झालेली चालू द्यावी.
आज घरच्या गाडीचे पीयूसी काढून पाहा. त्यावर काय मोजले आहे ते वाचा, आणि सातव्या भागात ज्या दोन प्रदूषकांचे आकडे दिले ते त्यात शोधा. सापडणार नाहीत. नव्या गाडीसाठी ज्या मर्यादा आपण इतक्या कष्टाने खाली आणल्या, त्या ती एकदा आपल्या दारात आली की पुन्हा कोणी मोजत नाही.