एक्स-रेवरचा डाग

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर कॅन्सर कशाला, असं वाचक विचारणारच. फटाक्यांच्या धुरावरचा नेहमीचा उपदेश पुढं नाही, एवढा दिलासा आधीच दिलेला बरा.

सततचा खोकला, बारीक ताप, उतरलेलं वजन. अशा माणसाच्या एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय क्षयावर जातो. तो वावगा नाही. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. घोळ होतो तो पुढं. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी गोळ्या सुरू होतात. महिने जातात, गाठ वाढत राहते आणि मग कुणीतरी सीटी स्कॅन, बायोप्सी सुचवतं. परळच्या टाटा रुग्णालयात फुप्फुसाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण उशिराच्या टप्प्यात पोहोचतात, त्याचं हे एक मोठं कारण. 2022च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कॅन्सरचे सुमारे 81 हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू सुमारे 75 हजार.

त्यावर ‘विडी ओढली, भोगतोय’ हा शेरा. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या, कधीच विडीला न शिवलेल्या बाईला तो कसा लावायचा? बाहेरची प्रदूषित हवाही कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2013मध्येच जाहीर केलं आहे.

औषधांच्या बाबतीत सरकार हललं, हे मान्य करायला हवं. जुलै 2024च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब आणि ड्युरव्हॅलुमॅब या फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या औषधांचं आयातशुल्क माफ झालं. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी 40 औषधांची एकत्र खरेदी करून सुमारे 1,320 कोटी रुपये वाचवले. पण ओसिमर्टिनिब चालतं ते ठरावीक जनुकीय बदल असलेल्या गाठीवर. तो बदल शोधायला आधी बायोप्सी लागते, म्हणजे गाडी पुन्हा निदानाशीच अडते.

अमेरिकेतल्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटी स्कॅननं धूम्रपान करणाऱ्यांमधले या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटल्याचं 2011मध्ये दिसलं. तो कित्ता इथं जसाच्या तसा गिरवता येणार नाही. जुन्या क्षयाच्या व्रणांनी खोट्या धोक्याच्या घंटा फार वाजतील. त्यापेक्षा डिसेंबर 2024पासूनच्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरली, त्यांचाच उपयोग वाढवावा. डाग आहे पण थुंकीत क्षय नाही, अशा रुग्णाला गोळ्यांऐवजी दोन आठवड्यांत जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन मिळावा, तोही फुकट. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचारांचा भार उचलते. निदानापर्यंतचा बराचसा खर्च, एसटीच्या तिकिटासकट, अजून घरच्यांच्याच खिशातून जातो.