मांजराचा मधुमेह : गोळी आली, तरी सुई सुटलेली नाही

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे द्यावयाच्या द्रवरूप औषधाला मांजरांच्या मधुमेहासाठी मान्यता दिली. दर बारा तासांनी सुई टोचण्याच्या जाचातून मांजरे आणि त्यांचे मालक दोघेही सुटले, असा या निर्णयांचा अर्थ लावला जाणे स्वाभाविक होते. मात्र या औषधांसोबत येणारी माहितीपत्रके वाचली की चित्र बरेच बदलते. ही औषधे अन्यथा निरोगी असलेल्या आणि पूर्वी कधीही इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत, असे त्यांत स्पष्ट बजावलेले आहे. शिवाय कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचा जो प्राणघातक धोका मधुमेहात असतो, तो या औषधांवर असताना रक्तातील साखर जवळपास सामान्य दिसत असतानाही उद्भवू शकतो. साखर ठीक आहे म्हणून निर्धास्त राहावे, अशी सोय येथे नाही. खाणे, वजन आणि कीटोन यांच्यावर लक्ष ठेवावेच लागते.

भारतातील वाचकांसाठी या बातमीला आणखी एक पदर आहे. याच औषधकुलातील माणसांसाठीची डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आणि एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ नंतर, एकस्वाची मुदत संपल्यामुळे, अनेक कंपन्यांच्या नावाने स्वस्तात मिळू लागली आहे. घरात आजोबांची गोळी आहे, तिचाच तुकडा मांजराला दिला तर काय बिघडले, हा विचार मोहात पाडणारा असला तरी घातक होय. मांजरासाठीची मात्रा, कोणत्या मांजराला औषध द्यायचे याची निवड आणि पहिल्या आठवड्यांतील देखरेख या तिन्ही गोष्टी त्या तुकड्यासोबत येत नाहीत.

तेव्हा बहुसंख्य मधुमेही मांजरांच्या बाबतीत प्रश्न आजही जुनाच राहतो : इन्सुलिन किती द्यायचे आणि ते ठरवायचे कशाच्या आधारे?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी मांजराच्या मधुमेहाचे स्वरूप पाहावे लागेल. कुत्र्यांत हा आजार बहुधा कायमचा असतो. मांजरात तो माणसाच्या टाइप-२ मधुमेहाच्या जवळ जाणारा आहे. लठ्ठपणा, वाढते वय, नसबंदी झालेला घरबशा बोका, खाज किंवा दम्यासाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने, ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. मांजर खूप पाणी पिऊ लागते, वाळूची पेटी वरचेवर भिजते, भूक असूनही पाठीचा कणा हाताला लागू लागतो; उशीर झाला तर मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालू लागते. परंतु याच आजाराची दुसरी बाजू अशी की, साखर लवकर आणि काटेकोरपणे आटोक्यात आणली तर स्वादुपिंड पुन्हा सावरते आणि इन्सुलिन थांबवता येते. कर्स्टन रूम्प आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या जॅकी रँड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्लार्जिन इन्सुलिन आणि घरच्या घरी तपासणी या पद्धतीने सांभाळलेल्या ५५ मांजरांपैकी ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. त्यानंतर सुरू केलेल्यांत अवघे ३५. अभ्यास लहान होता आणि त्यातील मालक कमालीचे चिकाटीचे होते, हे मान्य करूनही वेळ दवडण्याची किंमत यापेक्षा स्पष्टपणे मांडता येणार नाही.

दुसरीकडे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या देशांतील सुमारे बाराशे पशुवैद्यकांच्या पाहणीतून असे दिसले की, मधुमेह झालेल्या पाळीव प्राण्यांपैकी दहातील एकाला निदानाच्या वेळीच दयामरण दिले जाते आणि आणखी तितक्याच प्राण्यांना पहिल्या वर्षभरात, उपचार जमत नाहीत म्हणून. ज्या आजारातून बाहेर पडण्याची खरीखुरी शक्यता असते, त्यात असे घडावे हे विचित्र आहे. कारण औषधाचा अभाव नव्हे. मालकाला कोणी हात धरून शिकवलेले नसते, हे अनेकदा त्यामागचे कारण असते.

घरची तपासणी हा या शिकवणीचा गाभा. मांजर हा ताण साखरेत दाखवणारा प्राणी आहे. पिंजरा, रिक्षा, शेजारच्या बाकावरील कुत्रा आणि अनोळखी हात एवढ्यावर निरोगी मांजराची साखरही ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकते. दवाखान्यातील अशा एका आकड्यावर मात्रा वाढवली तर घरी शांत बसलेल्या मांजराची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती असते. आधीच्या काही आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी निदानाला मदत करते, पण आज सायंकाळी किती युनिट द्यायचे याचे उत्तर तिच्याकडे नाही. ते उत्तर कानाच्या कडेवरील एका थेंबात असते. कान कोमट कापडाने क्षणभर ऊबदार करायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, कडेच्या बारीक शिरेजवळ लॅन्सेट टोचायचे, थेंब पट्टीला लावायचा आणि लगेच आवडता खाऊ द्यायचा. पहिले आठ दिवस दोघांचीही परीक्षा पाहतात. पुढे खाऊच्या आशेने मांजर स्वतःहून येऊन बसते, असा अनेक घरांतील अनुभव आहे.

ग्लुकोमीटर कोणता, हेही विचारणे आवश्यक असते. माणसाच्या रक्तातील ग्लुकोजचा मोठा वाटा, जवळपास ४२ टक्के, तांबड्या पेशींत असतो. मांजरात तो केवळ सात टक्क्यांच्या आसपास, बाकी सारा प्लाझ्मात. त्यामुळे माणसांसाठी जुळवलेले यंत्र मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. म्हणून असे यंत्र निरुपयोगी ठरत नाही. मात्र यंत्र एकच ठेवावे, ते कोणते हे पशुवैद्यकाला सांगावे आणि त्यांनी दिलेल्या मर्यादा त्याच यंत्रासाठी आहेत याची खात्री करून घ्यावी. सकाळी एका यंत्रावर व रात्री शेजाऱ्यांच्या दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. माणसांसाठीचे १४ दिवसांचे चिकटवायचे सेन्सर आता मांजरांतही वापरले जातात. ते लवकर निघून येतात आणि फार खालच्या पातळीवर त्यांचा आकडा कानाच्या थेंबाने पडताळून पाहावा लागतो.

यानंतरचा मुद्दा खास भारतीय आहे आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. अमेरिकेत माणसांचे नेहमीचे इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटचे आणि प्राण्यांचे ४० युनिटचे, अशी ढोबळ विभागणी असते. भारतात माणसांच्या साध्या इन्सुलिनच्या कुप्याच पिढ्यान्पिढ्या ४० युनिटच्या आहेत, तर ग्लार्जिनसारखी नवी इन्सुलिने १०० युनिटची. पशुवैद्यक येथे बहुधा माणसांचेच इन्सुलिन लिहून देतात. साहजिकच औषधांच्या दुकानात दोन प्रकारच्या कुप्या आणि दोन प्रकारच्या सिरिंजा शेजारी शेजारी असतात : लाल टोपणाची ४० युनिटची, केशरी टोपणाची १०० युनिटची. शंभरच्या कुपीतून चाळीसच्या सिरिंजने दोन युनिटच्या खुणेपर्यंत औषध ओढले तर प्रत्यक्षात पाच युनिट जातात. सत्तर किलोच्या माणसाला ही चूक त्रास देईल. चार किलोच्या मांजराचा ती जीव घेऊ शकते. उलट चूक झाली तर दोनऐवजी एक युनिटही मिळत नाही आणि 'इन्सुलिन लागू पडत नाही' असा निष्कर्ष काढून मात्रा वाढवली जाते. परदेशी संकेतस्थळांवरील सल्ला वाचून येथील सिरिंज उचलणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे.

त्यात मात्राच मुळी चिमुकली. सुरुवात बहुतेकदा दिवसातून दोन वेळा एक ते दोन युनिटने होते. शंभरच्या इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. एक मिलिलिटरच्या सिरिंजवर, जिथे एकेक रेघ कित्येकदा दोन युनिटची असते, एवढे मोजणे हा अंदाजाचा खेळ होतो. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची सिरिंज मिळवण्यासाठी चार दुकाने फिरावी लागली तरी ती पायपीट योग्य आहे. ग्लार्जिन पाण्याने पातळ करून मोजण्याची युक्ती मात्र करू नये. ते आम्लधर्मी द्रावण त्वचेखाली गेल्यावर हळूहळू साका होऊन विरघळते, त्यावरच त्याचा दीर्घ परिणाम अवलंबून असतो. पातळ केले की तो गुणच बिघडतो. गढूळ दिसणारे एनपीएच इन्सुलिन स्वस्त असले तरी मांजरात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो.

मात्रा बदलण्याचा मोह आवरणे हे टोचण्यापेक्षा कठीण काम. एका दिवशी आकडा चारशे आला म्हणून त्याच सायंकाळी दोनाचे तीन करू नयेत. इन्सुलिनचा परिणाम स्थिरावण्यास पाच-सात दिवस लागतात; वाढ अर्ध्या-एक युनिटची आणि पशुवैद्यकाच्या संमतीनेच असावी. त्यांच्या निर्णयाला आधार लागतो तो केवळ टोचण्यापूर्वीच्या आकड्याचा नव्हे, तर दोन इंजेक्शनांमधील सर्वांत खालच्या आकड्याचा. हा तळ साधारणतः ८० ते १४४ मिलिग्रॅमदरम्यान असावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. महिन्यातून एखाद्या रविवारी दर दोन तासांनी घेतलेल्या नोंदींची वही पशुवैद्यकाला दहा भेटींइतके सांगून जाते. घट करण्याच्या बाबतीत मात्र आठवडा थांबायचे नसते. साखर साठच्या खाली गेली, मांजर लडखडू लागले, सुस्तावले किंवा झटके आले, तर मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांना चोळून, गिळता येत असेल तर खाऊ घालून तात्काळ दवाखाना गाठायचा. मांजराने अन्नाला तोंड लावले नसेल तर नेहमीचा डोस आंधळेपणाने न देता आधी फोन करायचा.

आहाराचा धागा इथेच जुळतो. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी. पिष्टमय अन्न पचवण्याची त्याच्या यकृताची तयारी तुटपुंजी. मराठी घरांत मात्र दूध-पोळी आणि दूध-भात हेच मांजराचे पारंपरिक जेवण, आणि नव्या घरांत त्याची जागा दिवसभर वाटीत पडून राहणाऱ्या कोरड्या दाण्यांनी घेतली, ज्यांत पिष्ट कमी नसते. प्रथिनबहुल, ओलसर अन्नाने इन्सुलिनची गरज घटते, कधीकधी चार दिवसांत. म्हणूनच आहार बदलताना तपासणी वाढवावी लागते. कालची योग्य मात्रा आज जास्त ठरू शकते. याउलट मात्रा वाढत जाऊनही साखर हलत नसेल तर दोष मालकाच्या शिस्तीचाच असतो असे नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मधुमेही मांजरांत वाढ-संप्रेरकाचा अतिरेक हे मूळ कारण असल्याचे अनुमान निघाले होते.

खर्चाचा हिशेब अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. ग्लार्जिनच्या तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. रोज चार युनिट लागणाऱ्या मांजराला ते अडीच महिने पुरेल, पण उघडल्यावर २८ दिवसांनी टाकून द्यावे असे उत्पादक सांगतात. म्हणजे महिन्याला एक. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्लार्जिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आल्यापासून ते किंमत नियंत्रणाच्या कक्षेतही आहे. खरा भार पट्ट्यांचा पडतो. दिवसाला तीन तपासण्या म्हणजे महिन्याला नव्वद पट्ट्या, आणि नेमकी काटकसर तिथेच सुरू होते. इन्सुलिन चालू आणि तपासणी बंद, हा सर्वांत वाईट संयोग होय.

मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली निघत आहेत. यंत्रसामग्री वाढते आहे. कानातून थेंब काढायला शिकवण्यासाठी लागणारी निवांत वीस मिनिटे आणि रात्री नऊला आकडा कळवल्यावर उत्तर देणारा माणूस, यांची तरतूद मात्र गर्दीच्या दवाखान्यात सहसा नसते आणि त्यासाठी वेगळे शुल्क द्यायची ग्राहकाचीही सवय नाही. प्रशिक्षित परिचारकाकडून सशुल्क शिकवणी आणि पहिल्या महिन्यात ठरावीक वेळी दूरध्वनीवर नोंदी पाहणे, एवढी व्यवस्था कोणत्याही मध्यम दवाखान्याला परवडण्यासारखी आहे.

उरतो घराचा प्रश्न. सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या दांपत्याने बारा तासांचे अंतर कसे सांभाळायचे, दिवाळीत गावी जाताना मांजर कोणावर सोपवायचे? मधुमेही मांजरांच्या मालकांविषयी परदेशात झालेल्या पाहणीतही औषधाच्या खर्चाबरोबर हीच काळजी ठळकपणे पुढे आली होती. इंजेक्शन देऊ शकणारी निवासस्थाने शहरांत मोजकीच आहेत. शेजारच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाला किंवा निवृत्त काकूंना निदानाच्या पहिल्याच महिन्यात शेजारी उभे करून टोचणे आणि मोजणे शिकवून ठेवणारी घरे पुढे टिकाव धरतात. इन्सुलिन सुटल्यानंतरही ही माणसे लागतात, कारण काही मांजरांत आजार परततो. त्यामुळे यंत्र कपाटात टाकून न देता आठवड्यातून एकदा कान टोचत राहावे लागते.