सोऱ्यातून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम आणि बाबांची करवत



झाशीच्या सीपरी बाजारात आमचं घर. घरात मराठी, गल्लीत हिंदी. मागच्या महिन्यात गच्चीवरून धाडकन आवाज आला. धावत गेले तर बाबा एका बाजूला उभे आणि प्लायचा एक तुकडा त्यांच्या मागच्या भिंतीवर आपटून पडलेला! नशीब, बाबा त्याच्या वाटेत उभे नव्हते.

निवृत्तीनंतर बाबांनी घरीच टेबल सॉ बनवली आहे. म्हणजे टेबलातून वर आलेलं गोल पातं आणि त्याच्या शेजारी एक सरळ पट्टी. या पट्टीला टेकवून लाकूड पुढे सरकवायचं. हिला म्हणतात फेन्स. बाबांनी फेन्स म्हणून सरकत्या खिडकीचं उरलेलं अ‍ॅल्युमिनियम सेक्शन लावलं होतं. त्याला बारीकसा बाक होता. मागचं टोक पात्याकडे झुकलेलं. लाकूड पातं आणि फेन्स यांच्यात आवळलं गेलं. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. त्यांनी ते उचललं आणि उलटं फेकलं. यालाच किकबॅक म्हणतात.

मग आम्ही दोघं बाजारात निघालो. तुमच्याही घरी असा हौशी सुतार असेल, तर आम्ही जे शिकलो ते तुमच्या कामी येईल.

आधी हे सेक्शन बनतं कसं?

दिवाळीतला सोऱ्या आठवा. चकती बदलली की शेव, चकली, गाठी. तसंच तापवून मऊ केलेलं अ‍ॅल्युमिनियम प्रचंड दाबाने साच्यातून ढकलतात आणि हवा तो आकार लांबच लांब बाहेर येतो. आपल्याच उत्तर प्रदेशात, रेणुकूटला, हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना १९६२ पासून सुरू आहे. आणि चकली कधी वाकडी होते ना? तसा या सेक्शनलाही कधी बाक, कधी पीळ असतो.

ग्रेड नंतर, आकार आधी

दुकानदार म्हणाला, "दीदी, सब यही ले जाते हैं।" हातात पुन्हा खिडकीचंच सेक्शन! ते काचेसाठी ठीक आहे, पण भिंत पातळ असल्याने जोर लागला की वाकतं.

६०६३ आणि ६०६१ असे दोन ग्रेड नेहमी ऐकू येतात. ६०६१ जास्त मजबूत, हे खरं. पण वाकण्याच्या बाबतीत दोघं जवळपास सारखेच. आणि दोन्ही लोखंडापेक्षा सुमारे तिप्पट लवचीक. म्हणून ताठपणा मिळवायचा तो आकारातून. भरीव पट्टीची जोराच्या दिशेतली जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट होतो. पोकळ सेक्शनमध्ये हिशोब थोडा वेगळा, पण फायदा मोठाच.

आम्ही ४० बाय ८० मिलिमीटरचं, खाचा असलेलं टी-स्लॉट सेक्शन घेतलं. बाबा ते उभं लावणार होते. मी म्हटलं, "बाबा, लाकूड तुम्ही आडवं ढकलता ना? मग ८० ची बाजू आडवी हवी." उंची कमी पडते, तर शेजारच्या खाचेत बोल्ट सरकवून प्लायची उभी पट्टी बसवली. खराब झाली की बदलता येते.

पैसे देण्याआधी

- एक डोळा मिटून सेक्शनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. बाक लगेच दिसतो.
- दोन तुकडे एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरा, मग एक उलटा फिरवून पुन्हा पाहा. कुठे फट दिसते का?
- सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगलं तर त्यात पीळ आहे.
- कापलेलं टोक काटकोनात आहे असं गृहीत धरू नका. गुण्या लावा.
- अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चुंबकाची उपकरणं वापरणार असाल तर हे लक्षात ठेवा.

घरी आल्यावर

फेन्स घट्ट बसवून मागचं टोक अंगठ्याने दाबून पाहा. हललं तर दोष सेक्शनचा नसून पकडीचाही असू शकतो. पात्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही सारखी हवीत. फरक ठेवायचाच तर मागे कागदाच्या जाडीइतकं जास्त, कमी कधीच नाही. हे मोजताना मशीनचा प्लग काढलेला हवा!

आणि सेक्शन कितीही चांगलं असलं, तरी पात्याच्या मागची फाळ, म्हणजे रायव्हिंग नाइफ, काढू नका. बोटांऐवजी ढकलकाठी वापरा आणि लाकडाच्या सरळ रेषेत उभे राहू नका.

बाबांनी परवा त्या मशीनवर आईसाठी मसाल्याचा डबा ठेवायची फळी कापली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. या वेळी फक्त पात्याचा आवाज आला.

भेटू पुढच्या वेळी. तोवर बोटं सांभाळा!