अस्वल मेलं, पण ड्रुइड मेला का?

शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास प्रतापनगरातल्या एका खोलीत एक अस्वल मेलं. अस्वल म्हणजे आमच्या ग्रुपमधला ड्रुइड. जादूने प्राण्याचं रूप घेणारं पात्र. समोरच्या मांत्रिकाने त्याच्यावर 'डिसइंटिग्रेट' टाकलं. या मंत्राने ज्याचे हिट पॉइंट्स शून्यावर येतात, त्याची सरळ राख होते. अस्वलाकडे होते ३४, फटका बसला ७५ चा.

"संपला तू," डन्जन मास्टर म्हणाला.

"काहून बे? अस्वल मेलं, मी कुठं मेलो?"

पुढचा पाऊण तास कुणी फासा उचलला नाही. चहा दोनदा गरम झाला.

ज्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला हा खेळ. बोर्ड नाही, स्क्रीन नाही. चार-पाच जण, वीस बाजूंचा फासा, एक जाडं नियमपुस्तक आणि गोष्ट सांगणारा एक डन्जन मास्टर. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो. आणि पुस्तकाचा अर्थ लावायचा शेवटचा अधिकार डन्जन मास्टरचा.

या खेळात भांडणं होतात ती राक्षसांवरून नाही, रूप बदलण्याच्या नियमांवरून. तलवारीचा नियम सोपा आहे, लागली किंवा नाही लागली. पण माणूस अस्वल झाला की प्रश्नच प्रश्न. ताकद कुणाची? अक्कल कुणाची? अंगावरचं चिलखत कुठे गेलं? जखम अस्वलाला झाली की माणसाला? आधीचं काय उरलं आणि नवं काय आलं, हे एकेक करून लिहावं लागतं आणि लिहिताना काहीतरी सुटतंच.

आमच्या ड्रुइडचंच गणित बघा. सातव्या लेव्हलचा, स्वतःचे हिट पॉइंट्स ५२. २०१४ च्या पुस्तकात प्राण्याचं रूप घेतलं की प्राण्याचे पॉइंट्स वेगळे मिळायचे. ते संपले की तुम्ही परत माणूस, आणि उरलेला फटका माणसाला. पण डिसइंटिग्रेटच्या नियमात शब्द होते, फटक्याने लक्ष्याला शून्यावर 'आणलं' तर राख. अस्वल तर शून्यावर आलंच होतं. म्हणून खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचंही तेव्हाचं अधिकृत उत्तर होतं, राख.

२०१८ मध्ये कंपनीने शुद्धिपत्र काढलं आणि त्या वाक्यातलं एक क्रियापद बदललं. आता फटक्यानंतर लक्ष्य शून्यावर 'राहिलं' तर राख. म्हणजे ७५ मधले ३४ अस्वलाने खाल्ले, उरले ४१, ते माणसाच्या ५२ मधून गेले. शिल्लक ११. पोरगा जिवंत!

मग सप्टेंबर २०२४ मध्ये नवं पुस्तक आलं. त्यात प्राण्याचे वेगळे पॉइंट्स हा प्रकारच काढून टाकला. तुमचे पॉइंट्स तुमचेच राहतात, वर तात्पुरते पॉइंट्स मिळतात, एखादं जाड ब्लँकेट घातल्यासारखे. आमचा ड्रुइड 'सर्कल ऑफ द मून'चा, त्याला लेव्हलच्या तिप्पट, म्हणजे २१. बावन्न अधिक एकवीस, त्र्याहत्तर. फटका ७५. राख.

तेच पात्र, तोच फटका. पहिल्या छपाईत मेला, शुद्धिपत्रात जगला, नव्या पुस्तकात परत मेला. आणि टेबलावर एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये नवं. (पुस्तकं परवडत नाहीत हे खरंच आहे. मूळ नियमांचा मोठा भाग एप्रिल २०२५ पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली मोफत डाउनलोड करता येतो. मूनवाला ड्रुइड मात्र त्यात नाही.)

दुसरा वादग्रस्त मंत्र 'पॉलीमॉर्फ'. यात दुसऱ्याला प्राणी बनवता येतं. जुन्या नियमात मरायला टेकलेल्या योद्ध्याला महाकाय वानर केलं की त्याच्याकडे एकदम १५७ पॉइंट्स यायचे. वानर मेलं की योद्धा आपल्या जुन्या पाच पॉइंट्सवर परत. म्हणजे वानर असताना त्याला औषध पाजलं तर ते वानरालाच लागायचं, माणसाच्या वाट्याला थेंब नाही. नव्या नियमात वानराचे पॉइंट्स वरचं कवच म्हणून मिळतात, कवच संपलं की मंत्र संपला, आणि औषध आतल्या माणसाला लागतं. माझ्या मते ही दुरुस्ती चांगली आहे. मारामारी चालू असताना दोन हिशेब ठेवायची कटकट गेली.

पण सगळं सुटलं नाही. पॉलीमॉर्फमध्ये स्वभाव तुमचा राहतो आणि बुद्धी मात्र प्राण्याची येते. मग वानर झालेल्या दोस्ताला आपला प्लॅन आठवतो का? पुस्तक गप्प. ड्रुइडच्या जुन्या नियमात एक शब्द आणखी भारी होता, आधी 'पाहिलेला' प्राणीच होता येईल. आमच्याकडे यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. महाराजबागेत पिंजऱ्यात पाहिलेला चालेल का? पेंचला गेलो, वाघ दिसला नाही, फक्त पगमार्क दिसला, तर? एकाने तर ताडोब्याचा रील दाखवला. नव्या नियमाने ही मजा संपवली. आता ठरावीक प्राणी आधीच यादीत लिहून ठेवायचे.

असला कीस काढणं आपल्याला नवं नाही म्हणा. हिरण्यकशिपूने वर मागताना किती कलमं घातली होती! माणूस नको, पशू नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. नरसिंहाने एकही कलम मोडलं नाही. कलमांच्या मधल्या फटीतून, संध्याकाळी, उंबरठ्यावर काम केलं. आमच्या भाषेत याला 'रूल्स लॉयर' म्हणतात.

आमच्यात एक खरोखरची लॉ करणारी आहे. त्या रात्री ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्ही दहावं परिशिष्ट खेळून राहिले."

आधी हसलो. मग तिने समजावलं आणि हसू कमी झालं.

संविधानाचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. तोही रूप बदलण्याचाच नियम आहे. आमदाराने पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. आधी एक पळवाट होती, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून त्यांना अभय. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली. उरलं विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत जे झालं त्यात शिंदे गटाने फुटलो असं म्हटलं नाही, विलीन झालो असंही म्हटलं नाही. आम्हीच मूळ पक्ष, असं म्हटलं. म्हणजे आम्ही रूप बदललंच नाही. आता हे ठरवायचं कसं? पक्ष म्हणजे विधिमंडळातले आमदार की बाहेरची संघटना? ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नाही, राजकीय पक्षाचा आहे. पण अपात्रता ठरवायचं काम त्यांनी विधानसभा अध्यक्षांकडेच ठेवलं.

त्या सुनावणीचा शेवटचा टप्पा कुठे झाला माहितीये? इथेच, आपल्या सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात, डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात. आपण मोर्च्यांमुळे बदललेला ट्रॅफिक चुकवत कॉलेजला जात होतो, तेव्हा आत हा वाद चालू होता.

१० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला. त्यातला एक मुद्दा ऐकून आमचा डन्जन मास्टर खुर्चीत सरळ बसला. पक्षाच्या दोन घटना समोर होत्या, १९९९ ची आणि २०१८ ची. अध्यक्षांनी १९९९ ची धरली, कारण २०१८ ची दुरुस्ती निवडणूक आयोगाच्या नोंदीत नव्हती. आमच्या टेबलासारखंच, आधी पुस्तक कुठलं ते ठरवा. पुढे त्यांनी विधिमंडळातलं बहुमत पाहून शिंदे गट हाच खरा पक्ष ठरवला आणि कुठल्याच गटाच्या आमदाराला अपात्र केलं नाही. दोन्ही बाजूंनी निकालाला आव्हान दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची मुदत संपून निवडणूकही झाली, तरी त्या आमदारांबद्दल न्यायालयाचा शेवटचा शब्द आलेला नव्हता. कॅम्पेन संपली, नवी पात्रं आली, अस्वलाचं काय ते लटकलेलंच.

कोण बरोबर होतं हे मी इथे सांगणार नाही, त्यावर घरोघरी पुरेशी भांडणं झाली आहेत. मला खटकतं ते वेगळंच. नियमाचा अर्थ लावायची वेळ फासा पडल्यावर आली. कुठल्या अर्थाने कोण जगतो आणि कोण मरतो हे सगळ्यांना आधीच दिसत होतं. आमच्या टेबलावरही तेच झालं. ड्रुइडला शुद्धिपत्र हवं होतं कारण त्यात तो ११ वर जगत होता. डन्जन मास्टरला नवं पुस्तक हवं होतं, कारण त्याने पुढचा सीन लिहून ठेवला होता. दोघंही प्रामाणिकपणे पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवत होते.

आणि अर्थ लावणारा कोण? काही डन्जन मास्टर स्वतःचंही एक पात्र पार्टीत घालतात, आणि त्या पात्राला जादूची तलवार मिळाली की सगळे एकमेकांकडे बघतात. विधानसभा अध्यक्ष हेही एखाद्या पक्षातूनच निवडून आलेले असतात. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालाने त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल असं ठरवलं. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की हे काम अध्यक्षांऐवजी स्वतंत्र लवादाकडे द्यायचा संसदेने विचार करावा. ३१ जुलै २०२५ ला तेलंगणच्या दहा आमदारांच्या प्रकरणात न्यायालयाने अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं, आणि ही व्यवस्था हेतू साधते का हे संसदेने तपासावं असंही म्हटलं. त्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले.

कंपनीला क्रियापद बदलायला २०१४ ते २०१८ लागले आणि तिथे पणाला काल्पनिक अस्वल होतं. इथे तुमचं-आमचं मत आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी २०२४ ला पहिल्यांदा मत दिलं. ते मत ज्याला दिलं तो उद्या वेगळ्या रूपात दिसला तर त्यातलं काय आपलं उरतं, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता नाही.

आमच्या खोलीत शेवटी लॉवालीने तोडगा काढला. त्या रात्रीपुरतं जुनं पुस्तक शुद्धिपत्रासकट, कारण कॅम्पेन त्यावर सुरू झाली होती. ड्रुइड ११ वर जगला. डन्जन मास्टरने तोंड वाकडं केलं आणि पुढचा सीन फाडला. पुढच्या वेळेपासून वाद निघू शकेल असा प्रत्येक नियम सेशनच्या आधी ठरवायचा, म्हणजे कुणाच्या फायद्याचा ते कुणालाच माहीत नसताना. त्यासाठी एक दोनशे पानी रजिस्टर आणलंय. पहिल्या पानावर दोन नोंदी आहेत.

वानराला प्लॅन आठवतो, पण तारीख आठवत नाही.

पगमार्क म्हणजे पाहिलेला वाघ नाही.