झाडाचे लाकूड येते कोठून?



मिरगाचा पाऊस पडून गेला, शाळा भरू लागल्या आणि मुलांच्या दप्तरांत नवी पुस्तके आली. त्या पुस्तकांपैकी विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पतींचा पाठ असतोच. तो पाठ मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि बहुधा विसरतात. असे का व्हावे, याविषयी आज थोडे लिहावेसे वाटते.

आपल्या घरातील सातवी-आठवीच्या मुलाला एक साधा प्रश्न विचारून पाहा. परसातल्या फणसाच्या बुंध्याकडे बोट दाखवावे आणि म्हणावे, ‘‘बाळ, एका आठळीतून हा एवढा वृक्ष झाला. हे सारे लाकूड आले कोठून?’’ बहुतेक मुले क्षणाचाही विलंब न लावता सांगतील, ‘‘मातीतून.’’ मग त्यालाच प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या विचारावी. तीही तो धडाधड म्हणून दाखवील. ही दोन उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. व्याख्या जिभेवर राहिली आणि जुनी समजूत मनात जशीच्या तशी बसून राहिली. यात मुलाला दोष देण्याचे कारण नाही. पदवी घेतलेली मोठी माणसेही हेच उत्तर देतात.

वास्तविक झाड माती खाऊन वाढत असते, तर गावाबाहेरच्या जुन्या वडाभोवती विहिरीएवढा खड्डा पडावयास हवा होता. तसा तो पडत नाही. ही शंका साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी फान हेल्मोंट या बेल्जममधील वैद्याने तराजू हाती घेऊन तपासली. त्याने एका कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घातली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक. आणि माती पुन्हा वाळवून तोलली, तेव्हा ती घटली होती सुमारे २ औंस! त्याचा हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाला.

झाड मातीचे झालेले नाही, हे त्याने सिद्ध केले. परंतु मग ते पाण्याचे झाले, असा निष्कर्ष काढून तो थांबला. यातील गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द प्रचारात आणला तो याच गृहस्थाने, आणि कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यासही त्यानेच केला होता. झाडाचे अर्धे रहस्य ज्या वायूत दडले होते तो त्याच्या परिचयाचा होता. पण हा अदृश्य वायू घनदाट लाकडात रूपांतरित होत असेल, हे त्याच्या मनात आले नाही. मग आपल्या मुलांच्या मनात ते सहजासहजी कसे यावे?

पुढची उकल अनेक हातांनी झाली, आणि त्यांत धर्मसेवकांचे हात बरेच होते, हे आमच्यासारख्याला सांगताना आनंद वाटतो. इंग्लंडातील स्टीफन हेल्स हे एका लहान गावचे धर्मगुरू. सूर्यफुलाचे झाड पानांवाटे किती पाणी हवेत सोडते, हे त्यांनी मोजले आणि झाडाच्या पोषणात हवेचाही वाटा असावा, असे १७२७ साली लिहिले. जोसेफ प्रीस्टली हेही धर्मोपदेशकच. मेणबत्ती विझून गेलेल्या बंद हवेत त्यांनी १७७१ साली पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. हे कार्य केवळ उन्हात आणि केवळ झाडाच्या हिरव्या भागांकडून होते, हे १७७९ साली दाखविले ते इंगेनहाउझ या डच डॉक्टरने. जिनीव्हाचे पाळक झां सेनेबिए यांनी त्यासाठी कर्बवायू आवश्यक असल्याचे १७८२ साली दाखविले आणि त्याच शहरातील द सोस्यूर यांनी १८०४ साली वजने करून सिद्ध केले की झाडाच्या वाढीत कर्बाबरोबर पाण्याचाही अंश असतो.

म्हणजे फणसाचे लाकूड हे मुख्यत्वे हवा आणि पाणी यांचे, सूर्यप्रकाशाच्या बळावर रचलेले काम आहे. हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायूचे जेमतेम चार भाग असतात. त्या चिमूटभर वायूतून अरण्ये उभी राहतात. मातीचा खरा वाटा किती, हे पाहावयाचे असेल तर चुलीपाशी जावे. मणभर वाळलेले सरपण जळून गेले की मागे राख उरते पसाभर. मातीतून आलेल्या क्षारांचा हिशेब त्या राखेत सापडतो. बाकीचे सारे जेथून आले तेथे, हवेत परत गेले. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही चुलीतली राख दाखविता येते.

एखादा म्हणेल, ‘‘फादर, लाकूड मातीतून आले काय आणि हवेतून आले काय, आमच्या मुलाचे त्यावाचून काय अडले?’’ अडते, असे आमचे नम्र मत आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले शेतकऱ्यांची आहेत. खत म्हणजे झाडाचे जेवण, अशी समजूत घट्ट बसली की ‘जेवण जास्त वाढा, पीक जास्त येईल’ हा हिशेब आपोआप येतो आणि युरियाचे पोते गरज नसताना रिकामे होते. खत हे जेवण नव्हे. ताटातल्या मिठासारखे ते मापात हवे. झाडाचे जेवण तयार होते पानात, उन्हात. हे ज्याला उमगले तो रोपे दाट लावून एकमेकांच्या सावलीत उपाशी ठेवणार नाही. तसेच भातानंतर मूग-उडीद पेरणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचे शहाणपणही त्याला कळेल. भुईमुगाचे रोप हलके उपटून मुळावरच्या गाठी मुलांना दाखवाव्यात. त्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र पकडून पिकाला देतात. आजोबांना गाठींचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण पिकांची फेरपालट ठाऊक होती. शाळेने ते ज्ञान हिणवू नये. त्याचे कारण समजावून द्यावे.

आता शिकवावे कसे? शिक्षकबंधूंच्या अडचणी आम्ही जाणतो. वर्गात मुले फार, वेळ थोडा आणि डोक्यावर परीक्षेची टांगती तलवार. तरीही दोन प्रयोग कोणालाही करता येतील.

पहिला वालाचा. सारख्या आकाराचे शंभर-शंभर दाणे असे तीन भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा, दुसरा ओल्या फडक्यावर उजेडात व तिसरा तसाच अंधाऱ्या कपाटात रुजवावा. आठ-दहा दिवसांनी अंधारातली रोपे पांढुरकी पण उंच झालेली दिसतील. मुले म्हणतील, ‘‘अंधारातलीच जास्त वाढली!’’ त्यांना म्हणू द्यावे, लगेच सुधारू नये. मग तिन्ही भाग उन्हात खडखडीत वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलावेत. उंच गेलेली अंधारातली रोपे मूळ दाण्यांहूनही हलकी भरतील. ती कमाई न करता साठवणीवर जगत होती. उंची निराळी आणि वाढ निराळी, हे त्या काट्यावर मुलांना जसे कळेल तसे फळ्यावरच्या दहा ओळींनी कळणार नाही.

दुसरा जास्वंदीच्या पानाचा. झाडावरच्याच एका पानाला काळ्या कागदाची पट्टी दोन दिवस लावून ठेवावी. नंतर भर उन्हाच्या वेळी ते पान खुडून पाण्यात उकळावे, स्पिरिटमध्ये ठेवून त्याचा हिरवा रंग काढावा, धुवावे आणि त्यावर आयोडीनचे थेंब टाकावेत. उन्ह लागलेला भाग काळानिळा होईल, कारण तेथे पिष्ट तयार झाले; पट्टीखालचा भाग तसा होणार नाही. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. स्पिरिट कधीही विस्तवावर तापवू नये. विस्तव विझवून, गरम पाण्याच्या भांड्यात त्याची वाटी ठेवावी, आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

आणखी एक चुकीचा समज जाता जाता दूर करावा. ‘झाडे दिवसा कर्बवायू घेतात आणि रात्री सोडतात’ असे मुले लिहितात. झाडाचा श्वासोच्छ्वास रात्रंदिवस चालूच असतो. दिवसा अन्न करण्याचे काम त्याहून जोरात चालते, एवढेच. रात्री खोलीत कुंडी असली तर जीव गुदमरेल, ही भीती निराधार आहे. शेजारी निजलेला भाऊ त्या कुंडीहून कितीतरी अधिक कर्बवायू सोडत असतो!

पाहण्याची सवय लागावी म्हणून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट फादर सांतापाव यांचे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. मूळचे स्पेनचे हे फादर खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे हिंडले आणि तेथील वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्या मुलांनीही या पावसाळ्यात टाकळा, तेरडा, नेचा अशी दहा झाडे जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावीत आणि प्रत्येकाखाली नाव लिहावे. नाव पुस्तकात सापडले नाही तर आजीला विचारावे. मराठी, कोंकणी, कानडी, तिला ठाऊक असेल त्या भाषेतले लिहावे.

आईबापांना एवढीच विनंती आहे. मुलाने चिखलाचे हात घेऊन घरात यावे आणि ‘‘हे पाहा’’ म्हणून मुळे दाखवावीत, तेव्हा ‘‘आधी अभ्यास कर’’ असे म्हणून त्याला पिटाळू नका. तोही अभ्यासच आहे. वालाचे दाणे मात्र आज रात्रीच भिजत घाला.